पत्र्याखालची दुपार

गारखेडा,
१२ फेब्रुवारी

सर, सलाम.

गाडी वेळेवर मिळाली असेल. परवाच्या बैठकीत तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात, तेव्हा मी शेजारच्यांना सांगितलं की सरांना हैदराबादची गाडी गाठायचीय. सगळ्यांनी माना हलवल्या. गाडीला अजून बराच वेळ आहे, हे त्यातल्या निम्म्यांना तरी ठाऊक असणार.

काल गजालाला फोन केला. तुमची लेक खोटं बोलण्यात अगदी कच्ची आहे. अब्बू बाहेर गेलेत म्हणाली आणि मागून तुमचं खाकरणं ऐकू आलं. शेवटी तिनंच सांगून टाकलं, की फोनवर तुम्ही माझं नावही काढू देत नाही, पण पत्र आलं की वाचल्याशिवाय ठेवत नाही. म्हणून हे पत्र. वाचून फाडलंत तरी चालेल, आधी वाचा तेवढं.

शिवराज म्हणतो, माफी माग आणि मोकळी हो. नवऱ्यांना सगळं सोपं वाटतं. सर, चार लोकांत तुमचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं असेल, तर त्याचं मला मनापासून वाईट वाटतंय. पण जे बोलले ते मागं घेता येत नाही. 'उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घरातच थांबा' हे वाक्य तुम्ही लिहिलंत, गावोगाव भिंतींवर रंगवून घेतलंत, आणि त्यानं माणसं वाचली. भर उन्हात शेतात पडणारी माणसं तुमच्यामुळं कमी झाली, हे माझ्याच प्रबंधात लिहिलंय. बैठकीत मी एवढंच म्हटलं की पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हे वाक्य लागू होत नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही करमाडजवळच्या वस्तीत काही खोल्यांतलं तापमान मोजलं. भर दुपारी खोलीच्या आत बाहेरच्या कडुलिंबाखालच्यापेक्षा जास्त उकाडा होता. अशा माणसाला घरात थांब म्हणणं म्हणजे त्याला तव्यावर बसवणं. तवा हा शब्द बैठकीत वापरायला नको होता, एवढं मान्य.

मी घाटीच्या मेडिकल कॉलेजात शिकत होते तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, पुढं काय करणार? मी म्हटलं, रेडिऑलॉजी. का, तर त्या विभागात एसी असतो. सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. त्याच मे महिन्यात मला वॉर्डात घेऊन गेलात आणि ऊन लागून आलेल्या एका बाईच्या कपाळावर माझा हात ठेवलात. चटका बसल्यासारखा मी हात मागं घेतला. तुम्ही म्हणालात, 'हिला कुठं, कधी आणि कशामुळं हे झालं, ते शोध. औषध देणारे पुष्कळ आहेत.'

तेव्हापासून शोधतेच आहे. बरोबरीच्या मैत्रिणींचे दवाखाने झाले, बंगले झाले. आमच्या नात्यातले लोक आईला विचारतात, मंजूचा दवाखाना कुठंय, आणि आई सांगते, ती ऊन मोजत असते. बापडी हे अशा आवाजात सांगते की समोरच्यानं पुढं काही विचारू नये. या कामात मला तुम्ही ओढलंत. आता बोलणार नाही म्हटलंत तर कसं चालेल?

भाभींना सलाम सांगा.

तुमची,
मंजुषा

&nbsp;

गारखेडा,
९ मार्च

सर, सलाम.

गजालाचा निरोप पोचला. पत्र वाचून दोन दिवस झाले होते म्हणे. मग जेवताना एकदम म्हणालात, 'तिला सांग, खोल्या फार थोड्या होत्या. आणि यंत्रं पत्र्यापासून किती अंतरावर टांगली होती, ते तिनं कुठं सांगितलंय?'

मला एवढा आनंद झाला की शिवराजला वाटलं, प्रकल्पाला निधी मंजूर झाला. त्याला म्हटलं, त्याहून मोठं काम झालंय, सरांनी हरकत घेतली.

मागच्या पत्रात मी गाडीचं काहीबाही लिहिलं. खरं असं की तुम्ही उठलात तेव्हा तुमचा चेहरा मला दिसला होता. त्यानंतरच्या आलेखांवर मी काय बोलले, ते अजून आठवत नाही.

तुमच्या दोन्ही हरकती बरोबर आहेत. म्हणून या उन्हाळ्यात मोजणी नव्यानं सुरू केलीय. खोल्या मागच्यापेक्षा कितीतरी जास्त. यंत्र आता पत्र्यापासून लांब, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. जोडीला त्याच गल्लीतली स्लॅबची घरं, आणि बाहेर लिंबाखाली एक.

ती वस्ती तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही इथून गेलात त्यानंतर झालीय. करमाडच्या अलीकडं, जालना रोडपासून थोडं आत. शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठी लोकांनी शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठवल्या आणि भाड्यानं दिल्या. भिंती पत्र्याच्या, छतही पत्र्याचं. जाहेदा नावाची एक बाई तिथं घरीच शिलाई करते. वस्तीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. काडेपेटीएवढं यंत्र घेऊन मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं पायमशीन थांबवून विचारलं, 'डॉक्टरबाई, ह्याच्यानं गर्मी कमी व्हती काय?'

नाही, म्हटलं.

'मग गर्मी हाय, हे आमाला तर ठाऊकच हाय. मोजून काय करणार?'

मी म्हटलं, 'तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीवर लिहिणाऱ्यांना नाही.'

ती हसली आणि स्वतःच्या हातानं खिळा ठोकून दिला. भिंतीवर लिहिणारे कोण, ते तिला सांगितलेलं नाही. काळजी नसावी.

आता एक गंमत. सगळ्या खोल्या भट्टीसारख्या तापत असताना एका खोलीचा आकडा भर दुपारी चक्क गार येत होता. आमच्या विभागात खळबळ. कुणी म्हणालं वाऱ्याची दिशा, कुणी म्हणालं खिडकी समोरासमोर असेल. मी स्वतः बघायला गेले. ती कडुबांची खोली. कडुबा म्हणजे गवंडीकाम करून थकलेले, आता एकटेच राहणारे गृहस्थ. त्यांनी यंत्र ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं होतं.

'बिचारं लई तापत व्हतं,' ते म्हणाले.

मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. त्यांचे आकडे गाळलेत. पण सर, माणूस यंत्राची कीव करतो आणि स्वतः दिवसभर त्याच पत्र्याखाली बसून राहतो, याला काय म्हणावं?

रोजे चालू असतील. साखर असतानाही तुम्ही धरताच, हे गजालाकडून कळतं. तुमच्या घराला चांगला स्लॅब आहे, तेव्हा तुम्ही मात्र दुपारी बारा ते चार घरातच थांबा.

तुमची,
मंजुषा

&nbsp;

गारखेडा,
१७ एप्रिल

सर, सलाम.

तुमचं कार्ड मिळालं. उर्दूच्या वळणाचं तुमचं मराठी अक्षर बघून पोस्टमनच्या समोरच हसू फुटलं. मजकूर वाचला आणि हसू थांबलं. 'घरात थांबू नका म्हणतेस. मग लोकांनी थांबायचं कुठं? ते सांगता येत नसेल, तर जुनं वाक्य राहू दे.'

काय झालं होतं ते सांगते, म्हणजे तुमचं कार्ड कुठल्या वेळी येऊन पडलं ते कळेल. नव्या मोजणीचे आकडेही तेच सांगत होते. किंबहुना मागच्यापेक्षा ठळकपणे. वरून मला विचारणा झाली की नवीन सूचना लिहून द्या, छापायला टाकू. मी लिहून दिली: 'पत्र्याच्या घरात दुपारी थांबू नका.' लिहिताना फार बरं वाटलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं कार्ड.

मी फोन करून छपाई थांबवायला सांगितली. तिकडचे साहेब वैतागले. म्हणाले, मॅडम, बैठकीत तर तुम्हीच केवढा आग्रह धरला होता. त्यांना कसं सांगणार की ज्यांच्याशी भांडले त्यांचाच प्रश्न आता मला सोडवावा लागतोय?

वस्तीत गेले. बायकांना गोळा करून विचारलं, की दुपारी खोली सोडायची तर बसायला जागा कुठं आहे? लिंब एकच, त्याखाली पुरुषांचे पत्ते चालतात. शाळा सकाळची, दुपारी कुलूपबंद. रस्त्याकडेच्या हॉटेलात काही न घेता बसू देत नाहीत. बऱ्याच वेळानं जाहेदानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं एक मंगल कार्यालय आहे. जेवणाचा मोठा हॉल, जाड भिंती, उंच छत, कूलर. लग्न नसेल तेव्हा रिकामं.

मालकाचं नाव राजकुमार. त्यांनी मला बसवून घेतलं, उसाचा रस पाजला आणि नाही म्हणाले. सीझन आहे, पार्ट्या येऊन हॉल बघून जातात, तिथं वस्तीतली पोरंबाळं लोळताना दिसली तर कोण बुकिंग करेल? बोलणं रास्त होतं. मी उठणार तेवढ्यात जाहेदानं विचारलं, 'मागच्या साली तुमचा मांडववाला शिडीवरून पडला व्हता, तो कसा हाय?'

तो माणूस उन्हानं चक्कर येऊन पडला होता आणि पाय मोडून घरी बसला होता. त्याला पहिलं पाणी जाहेदानंच पाजलं होतं. राजकुमार यांनी एकदा हॉलकडं बघितलं. मग म्हणाले, 'चपला बाहेर. आत चूल पेटवायची नाही. जाताना झाडून जायचं.'

जाहेदा म्हणाली, 'झाडू तुमी द्यायचा.'

सर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. उरलेल्या निम्म्यावर तुम्ही पुढच्या कार्डात बोट ठेवालच. लग्नाच्या दिवशी काय? राजकुमार म्हणतात, बघू.

ईद कशी झाली? जाहेदानं मला डबाभर शीरखुर्मा दिला होता. तुमच्या घरच्याची आठवण झाली.

मंजुषा

&nbsp;

गारखेडा,
५ मे

सर, सलाम.

काल इतकं हसले की आज पोट दुखतंय. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लग्नाच्या दिवशी काय, या प्रश्नाचं उत्तर राजकुमार यांनी असं काढलं की वस्तीच्या लोकांनी मागच्या दारानं यायचं आणि हॉलच्या कोपऱ्यात शांत बसायचं. काल मोठं लग्न होतं. मुलगी जालन्याची, मुलगा गंगापूरकडचा. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जाहेदानं सगळ्यांना बजावलं होतं की धुतलेले कपडे घाला. झालं असं, की मुलीकडच्यांना वाटलं ही मंडळी मुलाकडची, आणि मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. दोन्हीकडचे लोक आग्रह करायला लागले. एक मामा तर जाहेदाला हात जोडून म्हणाले, 'ताई, मानपानात काही कमी पडलं असेल तर पोटात घाला.' तिनं पोटात घातलं, म्हणजे जिलेबी.

कडुबा भिंतीला टेकून बसले होते. पांढऱ्या मिशा, धुतलेलं धोतर. त्यांना कुणीतरी वरपक्षाचं वडीलधारं माणूस समजलं. हाताला धरून पुढं नेलं, खुर्चीवर बसवलं आणि गुलाबी फेटा बांधला. मी पोचले तेव्हा ते वराच्या आजोबांच्या शेजारी बसले होते आणि दोघं पूर्वीच्या विहिरींबद्दल बोलत होते.

शेवटी उलगडा झालाच. राजकुमार यांना घाम फुटला. पण मुलाचे वडील मोठ्या मनाचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'एवढ्या उन्हात माणसं सावलीला आली, त्यात काय बिघडलं? आणि बाबांचा फेटा आता कुणी सोडायचा नाही.' सगळा हॉल हसला. मीही हसले.

हॉलमध्ये आम्ही यंत्र लावलंय. कूलर बंद असतानाही वस्तीतल्या खोल्यांच्या मानानं तिथं चांगलंच गार असतं. आकडे सोबत जोडलेत. यंत्र पंख्याच्या थेट झोतात नाही, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

कार्ड टाका. नुसतं 'वाचलं' एवढं लिहिलंत तरी पुरे.

मंजुषा

&nbsp;

घाटी,
१४ मे

सर,

हे पत्र घाटीतूनच लिहितेय, आपल्या जुन्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून.

परवा कडुबांना ऊन लागलं. उन्हात गेले नव्हते, घरातच होते. लग्नात सगळे हसले, ते त्यांच्या मनाला लागलं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. जन्मभर कामाचं खाल्लं आणि म्हातारपणी फुकट जेवताना धरलो गेलो, असं त्यांनी मनाशी धरलं. त्या दिवसानंतर हॉलवर यायचे बंद झाले. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझी खोली बरी आहे. परवा दुपारी जाहेदाला राहवलं नाही, ती बघायला गेली. कडुबा असंबद्ध बोलत होते, अंग तापलेलं आणि कोरडं ठक्क. तिनं आरडाओरडा न करता लोक गोळा केले. त्यांना उचलून हॉलवर आणलं, ओल्या चादरीत घेतलं. लग्नाच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या राजकुमार यांनी स्वतः फोडून काखेत, मानेखाली लावल्या. मला फोन आला तेव्हा त्यांच्याच टेम्पोतून सगळे घाटीच्या वाटेवर होते. मी इथं पोचले आणि कडुबांच्या कपाळावर हात ठेवला. या वेळी हात मागं घेतला नाही.

ते वाचलेत, सर. आज सकाळी त्यांनी मला ओळखलं आणि 'तुमच्या मीटरला पाणी दाखवलं का' म्हणून विचारलं. धोका टळला आहे.

पुढचं लिहू की नको, याचा सकाळपासून विचार करतेय. मी त्यांना विचारलं, एवढा उकाडा होता तर हॉलवर का नाही आलात? ते म्हणाले, 'वस्तीच्या तोंडाशी भिंतीवर लिव्हलंय की. दुपारचं घरातच थांबा म्हणून. शिकल्यासवरल्या माणसानं लिव्हलेलं हाय, उगंच असंल व्हय?'

तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. खरं तर लाजेनं ते घरात बसले, आणि भिंतीनं त्यांना फक्त सबब दिली. त्यात तुमच्या वाक्यापेक्षा आमचं हसणं जास्त. पण तुम्ही मला शिकवलंत की रुग्ण जे सांगतो ते जसंच्या तसं लिहायचं, म्हणून लिहिलं.

जागा शोधून दिली की काम झालं, असं मला वाटलं होतं. त्या जागी यायला माणसाला कमीपणा वाटू नये, हे कुठल्या यंत्रानं मोजतात?

मंजुषा

&nbsp;

गारखेडा,
२५ मे

सर, सलाम.

आज वस्तीत गेले होते. जाहेदानं एक गोष्ट सांगितली. तुम्हाला ती ठाऊक असणारच, तरी माझ्याकडून ऐका.

गुरुवारी सकाळी तिच्या दारात एक म्हातारे साहेब आले. पांढरी दाढी, काळी छत्री, बोली हैदराबादी. भाड्यानं खोली बघायचीय म्हणाले. तिनं शेजारची रिकामी खोली उघडून दिली. साहेबांनी खोली बघितली आणि चटई मागून घेऊन तिथंच बसले. खिशातून थर्मामीटर काढून समोर ठेवलं. ऊन चढत गेलं तसा त्यांचा सदरा अंगाला चिकटला, पण हलले नाहीत. तिनं दोनदा पाणी दिलं. हॉलवर जायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, 'चचा, उठा. आता आत बसायचं नाय.'

'मी ठीक आहे,' साहेब म्हणाले. 'मला अजून थोडा वेळ बघायचंय.'

'काय बघायचंय? पत्रा हाय. तापतो.'

साहेब तरीही उठेनात. मग जाहेदा त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं सांगितलं ते असं: 'हा आमच्या डॉक्टरबाईचा नियम हाय. तिचे एक उस्ताद हायत, लई मोठे. लोकांनी बसायचं कुठं, हा सवाल त्यांनी टाकला, तवा कुठं आमाला ही जागा भेटली. तुमी हितं बसून राहिला तर त्यांचा अपमान व्हईल. चला.'

यावर ते साहेब छत्री घेऊन उठले.

हॉलच्या दारात त्यांना कडुबा भेटले. हे तुम्हाला मी कळवलं नव्हतं. कडुबा घरी आल्यावर राजकुमार स्वतः त्यांच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, बाबा, दुपारच्या वेळी हॉल उघडायला आणि लक्ष ठेवायला मला भरवशाचा माणूस हवाय. तुम्ही गवंडी, इमारतीची जाण तुम्हाला. आता किल्ल्या कडुबांच्या करगोट्याला असतात आणि कोण आलं नाही, ते बघायला तेच गल्लीत फिरतात. लाजणाऱ्यांना कसं बोलवायचं, ते त्यांना बरोबर कळतं. त्यांनी साहेबांना कूलरसमोर बसवलं, सरबत दिलं. त्या दिवशीही लग्न होतं. साहेब जेवले, दोन वेळा मठ्ठा मागून घेतला आणि उन्हं कलल्यावर बसनं निघून गेले. खोलीचं पुन्हा बोललेच नाहीत, म्हणून जाहेदा जरा नाराज आहे.

सर, करमाड ते गारखेडा कितीसं अंतर? माझ्या दाराशी येऊन तुम्ही मला न भेटता गेलात. शिवाय या वयात, साखर असताना, मे महिन्यात पत्र्याखाली. गजालाला सांगितलं असतं तर तिनं तुम्हाला घराबाहेर पडू दिलं नसतं. मला राग यायला हवा होता. मी जाहेदाच्या उंबऱ्यावर बसून आधी हसले. मग डोळे पुसावे लागले. तिला वाटलं मलाच ऊन लागलं. तिनं माझ्याही डोक्यावर पाणी थापलं.

ते साहेब कोण, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच येऊन सांगा.

तब्येत कशी आहे, ते लगेच कळवा. या वेळी कार्ड नको, गजालाला फोन करायला सांगा.

मंजुषा

&nbsp;

गारखेडा,
११ जून

सर, सलाम.

तुमचं पत्र मिळालं. कार्डावर भागवणारा माणूस एवढी पानं लिहितो, हे बघून शिवराजलाही ते वाचायचं होतं. त्याला मधलं एकच पान वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंत, 'मी इतकी वर्षं लोकांना घरात बसायला सांगितलं. ज्यांचं घर माझ्या घरासारखं होतं, त्यांच्यासाठी ते बरोबर होतं. सगळ्यांची घरं माझ्या घरासारखी नसतात, हे मला माहीत होतं. पण त्या चटईवर बसेपर्यंत ते कळलं नव्हतं.' ते ऐकून शिवराज उठून गॅलरीत गेला. त्यानं माफीबद्दल पुन्हा काही म्हटलेलं नाही.

तुम्ही पाठवलेला नवा मजकूर मी बैठकीत वाचला: 'दुपारी घर गार असेल तर घरात थांबा. घर तापत असेल तर जवळच्या गार जागेत जा. एकटं राहणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा.' खाली त्या त्या वस्तीतल्या जागेचं नाव रंगवायचं. पहिली दोन वाक्यं मी कशीबशी लिहिली असती. तिसरं मला सुचलं नसतं. ते तुम्हाला कडुबांशेजारी मठ्ठा पिताना सुचलं असणार. बैठकीत कुणी एक शब्द बदलायला सांगितला नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी आणखी गावांत अशा जागा बघायचं ठरलंय. समाजमंदिरं, शाळा, दर्ग्याचं दालान. राजकुमार यांना बोलवलं होतं. ते भाषणच करणार होते, जाहेदानं त्यांचा शर्ट ओढून खाली बसवलं.

तुमचं जुनं संशोधन दुरुस्त करणारा लेख तुम्हाला स्वतःला लिहायचाय आणि त्यावर माझं नाव आधी हवंय, असं म्हणता. माझं नाव असेल. आधी कुणाचं, यावर आपण भांडू.

आता शेवटच्या पानावरचा तुमचा प्रश्न. 'हॉलमध्ये बायका दिसल्या, मुलं दिसली, म्हातारे दिसले. धडधाकट माणसं कुठं होती?' सर, ती कामावर होती. छोट्या कारखान्यांच्या शेडमध्ये, भट्टीशेजारी, आणखी मोठ्या पत्र्याखाली. मी दोन उन्हाळे त्या वस्तीत जातेय आणि दुपारी तिथं नसलेल्या माणसांचा विचार माझ्या मनात आला नाही. तुम्ही एक दुपार गेलात आणि नेमकं तेच पाहिलंत. वाचून आधी चरफडले. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत पुढच्या कामाचा आराखडा डोक्यात तयार होता.

जाहेदाचा नवरा काम करतो त्या शेडचा मालक आत यंत्रं लावू द्यायला कबूल झालाय. पण त्याला आधी कुणीतरी जाणतं माणूस भेटायला हवंय. बाई ऊन मोजते, यावर त्याचा विश्वास बसत नाही. तेव्हा तुम्ही या. गजालाशी बोलणं झालंय, ती परवानगी देते. अट एकच, की भाभी सोबत येतील आणि तुम्ही एकट्यानं कुठं जाऊन बसणार नाही. मुक्काम आमच्याकडं. आईनं वरची खोली तयार केलीय आणि तुम्हाला तिखट चालतं का, असं मला रोज विचारतेय.

सोमवारी सकाळी शेडवर जाऊ. यंत्र भट्टीपासून किती लांब टांगायचं, यावरून मालकासमोरच आपलं वाजणार, हे मला आत्ताच दिसतंय. वाजू दे. त्यासाठीच तर बोलावतेय.

वाट पाहतेय.

मंजुषा